विडंबन, प्रहसन की नक्कल?

प्रश्न असा आला आहे : ‘सेसमी स्ट्रीट’ या अमेरिकी बालमालिकेत गंभीर नाटकांची जी गमतीदार रूपे दाखवली जात, त्यांना मराठीत ‘विडंबन’ म्हणावे, की त्या शब्दात अनादराची छटा असल्याने ‘प्रहसन’ म्हणणे बरे?

माझ्या मते ‘विडंबन’ हाच शब्द योग्य आहे. प्रहसन हा संस्कृत नाट्यशास्त्रातील दहा रूपकांपैकी एक प्रकार असून त्यात ढोंगी, लोभी, व्यसनी माणसांची थट्टा असते. त्याला आधीची एखादी कलाकृती लागत नाही. विडंबनाचे मात्र मूळ कृतीवाचून पानही हलत नाही. संस्कृतात या शब्दाच्या मूळ धातूला ‘अनुकरण करणे’ आणि ‘थट्टा करणे’ असे दोन्ही अर्थ आहेत, आणि पुढे मराठीने एका शब्दाचे दोन करून ही गुंतागुंत सोडवली : ‘विडंबन’ हे वाङ्मयीन थट्टेसाठी राहिले आणि ‘विटंबना’ अप्रतिष्ठेसाठी. पुतळ्याची विटंबना होते, कवितेचे विडंबन होते. अनादराची शंका येते ती बहुधा या दुसऱ्या रूपामुळे. (हिंदीच्या प्रभावाने अलीकडे ‘ही केवढी विडंबना!’ असेही लिहिले जाते. तेथे ‘दैवदुर्विलास’ किंवा ‘विपर्यास’ हे आपले शब्द असताना त्याची गरज नाही.)

आता प्रत्यक्ष उदाहरण पाहू. अमेरिकेत 1971 पासून ‘मास्टरपीस थिएटर’ या कार्यक्रमात ब्रिटिश नाट्यमालिका दाखवल्या जात आणि अ‍ॅलिस्टर कुक खुर्चीत बसून त्यांची भारदस्त प्रस्तावना करीत. ‘सेसमी स्ट्रीट’ने त्याचे ‘मॉन्स्टरपीस थिएटर’ केले आणि खुर्चीत बसवला तो निळा, केसाळ, बिस्किटांवर तुटून पडणारा कुकी मॉन्स्टर हा बाहुला, ‘अ‍ॅलिस्टर कुकी’ या नावाने. सुरुवातीच्या भागांत त्याच्या तोंडी पाइप असे आणि अखेरीस तो पाइपही त्याच्या पोटात जाई. या सूत्रधारापुरता ‘नक्कल’ हा शब्द अगदी चपखल बसतो, कारण नक्कल व्यक्तीची होते, तिच्या बसण्याबोलण्याची होते. पण त्यानंतर जे नाट्य सुरू होते ते विडंबनच.

सॅम्युअल बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’ या नाटकाचे तेथे ‘वेटिंग फॉर एल्मो’ झाले. ग्रोव्हर आणि टेली हे मालिकेतले दोन बाहुले झाडाखाली एल्मो या तिसऱ्याची वाट पाहत बसतात, एल्मो काही येत नाही, आणि शेवटी ते झाडच वैतागून उठून चालू लागते. मूळ नाटकातील निष्फळ प्रतीक्षा येथे जशीच्या तशी आहे, फक्त ती सहन न होणारा प्रेक्षक नेपथ्यातून उभा राहिला आहे. ज्याने मूळ नाटक पाहिले आहे तो या झाडावर मनापासून हसेल. चार वर्षांच्या मुलाला चालणारे झाडच पुरे. एका विनोदाला असे दोन मजले असतात, आणि वरच्या मजल्यावरच्या प्रेक्षकासाठी, म्हणजे शेजारी बसलेल्या पालकासाठी, मूळ कृतीची ओळख गृहीत धरलेली असते. म्हणूनच हे विडंबन ठरते.

इतर भागांत सारा डाव श्लेषावर चालतो. ‘द किंग अँड आय’ या संगीत नाटकाच्या नावातील ‘आय’ (म्हणजे ‘मी’) हे इंग्रजी अक्षर होते आणि ग्रोव्हर राजा त्या अक्षरासमोर उभा राहतो. ‘द 39 स्टेप्स’ या रहस्यकथेवरून केलेल्या ‘द 39 स्टेअर्स’मध्ये रहस्य बाजूला राहून तोच ग्रोव्हर एकेक पायरी मोजत वर चढतो. येथे नाटकाचे दोष दाखवायचे नसतात, अक्षर आणि अंक शिकवायचे असतात, त्यामुळे ‘उपहास’ हा शब्द मी टाळेन. उपहासाला बोचण्यासाठी कोणीतरी लागते.

वापराबाबत एक बारकावा. ‘नाटकावर विडंबन केले’ असे न लिहिता ‘नाटकाचे विडंबन केले’ असे लिहावे. ‘वर’ टीका होते. मात्र ‘हे त्या नाटकावरचे विडंबन आहे’ हे चालते, कारण तेथे विडंबन ही क्रिया नसून तयार झालेली कृती असते.