‘कॅनडात चालतं, मग इथं का नाही?’

“मॅडम, हा म्हणतो कॅनडात गांजा कायदेशीर आहे. काय उत्तर द्यायचं याला?” माझ्याकडे समुपदेशनाला येणारे इतके पालक हे विचारतात की एकदा लिहावंच असं ठरवलं.

सुमेध (नाव बदललंय) पुण्यात इंजिनिअरिंगला. खोलीत पुडी सापडली आणि बाबा त्याला घेऊन आले. दोघंही तयारीनिशी. याच्याकडे कॅनडाचा २०१८चा आणि जर्मनीचा २०२४चा कायदा, बाबांकडे आपला १९८५चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा. सुरुवातीच्या भेटी या वादातच गेल्या.

मग मी सुमेधला विचारलं, “कॅनडातल्या गांजाच्या पाकिटावर काय छापतात?”

“टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, किती ते. आणि धोक्याची सूचना.”

“अठराच्या आतल्या मुलाला विकलं तर?”

“गुन्हा.”

“म्हणजे गांजा निरुपद्रवी आहे, असं तो कायदाही म्हणत नाही.”

बाबा खुलले. मी त्यांच्याकडे वळले. “आपल्या कायद्याच्या व्याख्येतून भांगेची पानं वगळली आहेत. उद्या हा रोज भांग प्यायला लागला, तर तुमची काळजी मिटेल?”

“छे! कशी मिटेल?”

इथं दोघांचाही कायदा संपला. या क्षणाची मी वाट बघत होते. “सुमेध, समज, उद्या इथंही परवानगी मिळाली. रात्री काय करशील?”

“ओढीन. त्याशिवाय झोप लागत नाही.” बऱ्याच वेळानं म्हणाला, “दोन विषय राहिलेत. घरी सांगितलं नाही. नापास झालो म्हणजे संपलोच ना मी?”

बाबांनी हे पहिल्यांदाच ऐकलं. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारांची. माणसाला परिस्थितीइतकंच त्याचं स्वतःशी चाललेलं असं एखादं वाक्य छळतं, हे मी पुन्हापुन्हा पाहिलंय. आमचं पुढचं सगळं काम त्या ‘संपलोच’वर झालं. गांजा त्यानंतर सुटत गेला. मधे एकदा घसरलाही, पण ते त्यानं स्वतः येऊन सांगितलं. याचं मला फार समाधान आहे.

कायद्याची चर्चा जरूर व्हावी. पोर्तुगालनं २००१मध्ये स्वतःपुरता साठा बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून काढलं. ओढणाऱ्याला तुरुंगापेक्षा उपचार मिळावेत, असं मलाही वाटतं. पण घरात विचारायचं ते वेगळं: कधी ओढतोस? कशासाठी? नाही मिळालं तर काय होतं? कोवळ्या वयात, रोज ओढण्यात धोका जास्त. उगाच संशय येऊ लागला, आवाज ऐकू यायला लागले, तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ गाठा. पोलिसांच्या भीतीनं उपचार टाळू नका. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला, तर सेवनाच्या खटल्यातून संरक्षण देणारं ६४अ हे कलम आपल्या एनडीपीएस कायद्यातच आहे. आणि १४४४६ या सरकारी हेल्पलाइनला फोन करायला पैसे लागत नाहीत.