40 हजारात बातमीसाठी छोटा कॅमेरा: आधी माईकचा जॅक बघ

भावा, तू विचारलंस की सोलापुरात स्वतःचं यूट्यूब न्यूज चॅनल काढायचंय, बजेट 40 हजार, खिशात मावेल असा कॅमेरा पाहिजे आणि एक जण जुना कॅनन जी7 एक्स मार्क 2 स्वस्तात देतोय तर घेऊ का. नको घेऊ. फोटो छान काढतो तो, पण बाहेरचा माईक लावायला त्याला जॅकच नाही. बातमीत चित्र थोडं हललं तर लोक चालवून घेतात, बाइट, म्हणजे समोरच्याचं बोलणं, ऐकू आला नाही तर बातमी गेलीच.

माझ्यावर हे बेतलंय म्हणून इतकं सांगतोय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात कामगार मावशींचा बाइट घेतला होता, पगाराबद्दल, पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर बोलत होत्या त्या, बोलता बोलता डोळ्यात पाणी आलं त्यांच्या. घरी येऊन लॅपटॉपवर लावलं तर नुसता मागांचा खडखडाट, मावशींचे फक्त ओठ हलताना दिसतायत. दुसऱ्या दिवशी परत गेलो तर म्हणाल्या, "काल बोलले की बाबा सगळं, आता नको." तो बाइट परत मिळाला नाही.

तर पहिली अट 3.5 एमएमचा माईक जॅक. कॅननमध्ये मार्क 3 ला आहे, सोनीच्या आरएक्स100 मध्ये फक्त मार्क 7 ला, त्याआधीच्या एकालाही नाही. तुझ्या बजेटमध्ये मी तरी सेकंडहँड सोनी झेडव्ही-1 शोधेन. 2020 चं मॉडेल आहे, एक इंची सेन्सर, लेन्स 24-70 एमएम झूमची आणि एफ1.8 पासून सुरू, म्हणजे उजेड जास्त आत घेते, रात्रीचं पण बरं येतं, स्क्रीन बाजूला उघडते त्यामुळे एकट्याने पीटूसी, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघून स्वतः बोलणं, करता येतं. त्यानंतरचा झेडव्ही-1एफ स्वस्त आहे पण त्याला ऑप्टिकल झूम नाही, एकच 20 एमएम. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळ्याला सम्मती कट्ट्याजवळ पाय ठेवायला जागा नसते, सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, लांबूनच टिपायचे असतात, तिथे तुला झूम लागणारच.

आता ऊन. कंपनी 40 डिग्रीपर्यंतच वापरा म्हणते आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा त्याच्या वर असतो. मेन्यूत ऑटो पॉवर ऑफ टेम्परेचर 'हाय' करून ठेव, नाहीतर फोरकेमध्ये लवकर बंद पडतो. खरं तर फोरकेच्या नादी लागूच नको, लोक बातम्या मोबाईलवर बघतात, फुल एचडी 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेव म्हणजे ट्यूबलाईटखाली पट्टे पण येत नाहीत. दुपारी आत दिलेला एनडी फिल्टर चालू कर, तो जादा उजेड कमी करतो. बॅटरी अगदी छोटी आहे, दोन जास्तीच्या घे, शिवाय पॉवर बँक लावून पण शूट करता येतं.

सगळे पैसे कॅमेऱ्यात घालू नको, माईकसाठी बाजूला काढ. शांत जागी कॉलर माईक चालतो, पण कारखाना, मार्केट यार्डातला लिलाव, मोर्चा अशा ठिकाणी हातात धरायचा डायनॅमिक माईक, म्हणजे जवळचाच आवाज नीट पकडणारा, तोंडाजवळ न्यायचा. झेडव्ही-1 ला हेडफोनचा जॅक नाही, म्हणून पहिली 10 सेकंद रेकॉर्ड करून तिथेच परत लावायची, कॅमेऱ्याचा स्पीकर कानाला लावून ऐकायची आणि मगच खरा प्रश्न विचारायचा. समोरच्याला सांगितलं की आवाज तपासतोय, तर कोणी रागावत नाही.

आणि सेकंडहँड घेताना स्वतःचा माईक घेऊन जा, जॅकमध्ये लावून पिन जरा हलवून बघ, खरखर आली तर सोडून दे. झूम पूर्ण आतबाहेर करून लेन्सचा आवाज ऐक, अॅपर्चर अगदी बारीक करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढ, सेन्सरवर धूळ असली तर काळे डाग दिसतात. अर्धा तास सलग रेकॉर्डिंग करून बघू देत नसेल, तर त्याच्याकडून घेऊ नको.