वाचकांचे प्रश्न : काळा झगा आणि मुंबईचा रॅम्प

या महिन्यात इंदूरहून आलेली चार पत्रे जवळजवळ एकाच विषयाची आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रे लांब होती. त्यांचा गोषवारा येथे दिला आहे आणि पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे गाळली आहेत.

प्रश्न : फॅशन डिझाइनचे शिक्षण संपवून मी दोन वर्षांपूर्वी स्वतःचे छोटे लेबल सुरू केले. बाजारात हमखास खपणारे लेहंगे आणि कुर्ते मी करत नाही. काळे केप, कॉर्सेटच्या बांधणीच्या चोळ्या, भरपूर कळ्यांचे झगे असे ‘ऑल्टरनेटिव्ह’ म्हणून ओळखले जाणारे कपडे मी करते आणि कापड बहुतेक माहेश्वरी वापरते. एक मास्टर आणि दोन कारीगर मिळून महिन्याला वीसेक कपडे होतात. सगळा खर्च जाऊन एका कपड्यामागे मला सरासरी १,२०० रुपये उरतात. आता मुंबईतल्या एका शोच्या आयोजकांनी माझे आठ कपडे रॅम्पवर दाखवण्यासाठी ७५,००० रुपये मागितले आहेत. एकदा रॅम्पवर गेलीस की नाव होईल, असे मैत्रिणी म्हणतात. ताई, पैसे भरावेत का? (सुदामानगर)

उत्तर : भरू नयेत, निदान या वर्षी तरी. ७५,००० रुपये भरून निघण्यासाठी तुम्हाला ६३ कपडे विकावे लागतील, म्हणजे तुमच्या कारखान्याचे तीन महिन्यांहून अधिक काम केवळ त्या एका संध्याकाळसाठी होईल, आणि त्यात प्रवास, मुक्काम, इस्त्री आणि ऐन वेळची दुरुस्ती धरलेली नाही. पैसे घेऊन जागा देणारे सगळेच शो फसवे असतात असे माझे म्हणणे नाही. मात्र समोरच्या खुर्च्यांवर दुकानांसाठी खरेदी करणारी माणसे किती असतील, मॉडेलचे मानधन कोण देणार, आणि काढलेली छायाचित्रे तुम्हाला निर्वेध वापरता येतील का, हे तीन प्रश्न आयोजकांना लेखी विचारा. उत्तरादाखल नुसते ‘एक्स्पोजर मिळेल’ असे आले, तर त्या शोचे खरे ग्राहक तुम्हीच आहात असे समजावे.

तुमच्या प्रकारच्या कपड्यांचा इतिहासही या बाबतीत बोलका आहे. रेई कावाकुबो आणि योजी यामामोतो या जपानी डिझायनरांनी १९८१ मध्ये पॅरिसमध्ये आपले कपडे दाखवले आणि त्या काळ्या, विस्कटलेल्या वाटणाऱ्या कपड्यांनी तिथली मंडळी चक्रावली, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण कावाकुबो यांनी आपले लेबल १९६९ मध्ये सुरू केले होते आणि पॅरिसला जाण्यापूर्वी बारा वर्षे त्या जपानमध्ये कपडे विकत होत्या, ही गोष्ट सांगायची राहून जाते. जर्मनीतील लाइप्झिग शहरात १९९२ पासून भरणाऱ्या ‘वेव्ह गोटिक ट्रेफेन’ या गॉथ मंडळींच्या मेळाव्यात तर कपडे पाहायचे असतील तर रस्त्यावर उभे राहावे लागते, कारण तिथे कपडे घालून आलेली माणसे हेच प्रदर्शन असते. सांगायचे असे, की या प्रकारातला कपडा अंगावर घालून वावरणाऱ्या माणसाकडून पुढच्या माणसाकडे जातो.

मग इंदूरमध्ये कुठे दाखवावा? माझी सूचना ऐकून तुम्ही कदाचित हसाल. वर्षात एकच सण असा आहे, की ज्या दिवशी मराठी घरातली सगळ्यांत सोवळी आजीसुद्धा काळे नेसते आणि सुनेला काळे नेसवते. संक्रांतीच्या चंद्रकळेवर पांढरे शुभ्र हलव्याचे दागिने घालण्याची कल्पना ज्यांनी प्रथम काढली, त्यांना काळ्याचा उठाव कशाने येतो हे आपल्यापेक्षा चांगले कळत होते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची आमंत्रणे चालू असतात. त्या दिवसांत स्वतःच्या घरी, एका खोलीत बारा कपडे टांगून, वीस-पंचवीस जणींना बोलवा. आलेल्या प्रत्येकीने केप विकत घ्यावा अशी अपेक्षा ठेवू नका आणि तिला रुचावा म्हणून केपचा कुर्ताही करू नका. परंतु त्या बायका कपडा उलटा करून शिवण पाहतात, काठ चुरगळून पाहतात, ‘अस्तर का नाही लावलेस?’ असे तोंडावर विचारतात, आणि घरी गेल्यावर आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला किंवा भाचीला सांगतात. रॅम्पपासून दहा फुटांवर बसलेला माणूस यातले काहीच करू शकत नाही.

त्या खोलीत तयार कपड्यांच्या बरोबरीने एखादा मांजरपाटाचा कच्चा नमुनाही टांगावा, असे मला वाटते. तुमच्या मास्टरने उरेब, म्हणजे तिरके कापलेले कापड कुठे वापरले, कळ्या कशा वाटल्या, कॉर्सेटच्या पट्ट्या कुठून कुठे नेल्या हे काळ्या कापडावर दिसतच नाही, मांजरपाटावर ते स्पष्ट दिसते, आणि तीन हजारांचा कपडा तीन हजारांना का, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. माहेश्वरीचा ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो आणि तिचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, म्हणून बिनअस्तराचा केप दोन्हीकडून घालता येईल असा कापता येतो. हे हाताळून दाखवण्याजोगे आहे. मात्र हातमागाचे कापड मनात आले की लगेच मिळत नाही. महेश्वर इंदूरहून नव्वदेक किलोमीटरवर असले तरी मागावरचे काम आपल्या घाईने चालत नाही, तेव्हा संक्रांतीच्या कपड्यांसाठी सूत-रेशमाची मागणी गणपतीच्या आसपास नोंदवावी लागेल.

छायाचित्रांसाठी रॅम्पची गरज नाही. आपल्या गांधी हॉलची, म्हणजे जुन्या किंग एडवर्ड हॉलची, १९०४ मधली इमारत इंडो-गॉथिक शैलीची आहे. रीतसर परवानगी काढून तिथे सकाळी लवकर काम करता येईल आणि तुमच्या कपड्यांना तशी पार्श्वभूमी मुंबईत सहजी मिळणार नाही. एवढे लक्षात ठेवा, की काळ्या कपड्याने चौकट भरली की कॅमेरा आपणहून उजेड वाढवतो आणि काळा राखाडी दिसू लागतो, म्हणून एक्स्पोजर थोडे खाली आणावे आणि प्रकाश समोरून न घेता बाजूने घ्यावा, म्हणजे चुण्या आणि टिपा उठून दिसतात.

प्रश्न : मी केलेल्या एका जाकिटाचे छायाचित्र इन्स्टाग्रामवर टाकले होते. त्यावरची वटवाघळांच्या पंखांसारखी नक्षी माझी स्वतःची आहे. दोन महिन्यांनी शहरातल्या एका दुकानात तीच नक्षी असलेले जाकीट अर्ध्या किमतीला टांगलेले दिसले. आता काही करता येईल का? (स्नेहलतागंज)

उत्तर : त्या जाकिटाबाबत जे करता आले असते, त्यातला मोठा भाग तुम्ही छायाचित्र टाकले त्या दिवशीच हातचा गेला. आपल्याकडे २००० चा डिझाइन कायदा आहे आणि त्याखाली वस्तूचा आकार किंवा तिच्यावरची नक्षी नोंदवता येते. नोंदणी दहा वर्षे टिकते आणि आणखी पाच वर्षे वाढवता येते. पण अर्ज करण्यापूर्वी ते डिझाइन कुठेही प्रसिद्ध झालेले असता कामा नये, ही त्यातली मुख्य अट आहे. छायाचित्र, प्रदर्शन, विक्री हे सारे प्रसिद्धीतच मोडते. (वरच्या पत्रातल्या वाचक भगिनींनीही हळदीकुंकवाचे आमंत्रण देण्याआधी हे वाचावे, कारण घरची खोली असली तरी तेही दाखवणेच ठरू शकते.)

नोंदणी नाही म्हणून तुमच्या हाती काहीच उरले नाही, असे मात्र नाही. नक्षीचे मूळ रेखाटन ही कलाकृती म्हणून कॉपीराइटखाली येते. फक्त १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक मेख आहे : डिझाइन म्हणून नोंदवता आली असती पण नोंदवली नाही, अशी नक्षी वापरलेल्या वस्तू यांत्रिक पद्धतीने पन्नासांहून अधिक काढल्या, की त्या नक्षीवरचा कॉपीराइट संपतो. तुमची जाकिटे पन्नासांच्या आत असतील तर तारीख असलेली रेखाटने, मास्टरला दिलेले माप-कागद आणि कापडाची बिले एकत्र करून वकिलाकडून नोटीस पाठवता येईल. बहुतेक दुकानदार नोटीस आली की माल आत ठेवतात. त्यापुढे जायचे की नाही, हे खर्च पाहून ठरवा; नोंदलेल्या डिझाइनच्या बाबतीतही कायद्याने ठरवलेली रक्कम प्रत्येक उल्लंघनाला २५,००० आणि एका डिझाइनमागे एकूण ५०,००० रुपयांच्या वर जात नाही.

पुढच्या वेळी सगळे कपडे नोंदवण्याच्या भरीस पडू नका. साधा केप किंवा कळ्यांचा झगा नवीन नसतोच. वर्षात ज्या दोन-तीन गोष्टी खरोखर तुमच्या आहेत, तेवढ्यांचा अर्ज आधी करा आणि मगच त्या जगाला दाखवा. त्याहून अगोदर लेबलच्या नावाची ट्रेडमार्क नोंदणी करा. कपडे पंचविसाव्या वर्गात येतात, व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास शुल्क ४,५०० रुपये आहे, आणि दर दहा वर्षांनी ती नूतनित करता येते. नक्षी चोरणारा पुढच्या हंगामात दुसरी नक्षी चोरील, पण तुमचे नाव त्याला लावता येणार नाही.

प्रश्न : माझ्या गिऱ्हाइकांची एकच तक्रार असते, की काळा रंग दोन धुण्यांत विटतो किंवा अंगाला लागतो. रंगारी म्हणतो, काळा असाच असतो. (लोकमान्यनगर)

उत्तर : काळा असाच नसतो, स्वस्तातला काळा असा असतो. सुती कापडासाठी सर्रास वापरला जाणारा सल्फर ब्लॅक गडद आणि स्वस्त असतो, पण नीट धुऊन पक्का केला नाही तर दमट हवेत साठवलेल्या कापडात हळूहळू आम्ल तयार होते आणि धागा कुजतो. हे मी पुस्तकातून सांगत नाही. अनेक वर्षांपूर्वी चाळीस घागऱ्यांचे कापड मी अशाच एका रंगाऱ्याकडून रंगवून घेतले आणि पावसाळाभर कपाटात ठेवले. नवरात्रात घडी उलगडली तेव्हा कापड दुमडीवर कागदासारखे फाटत होते. त्याने पैसे परत केले नाहीत, आणि मीही रंग कोणता वापरलास हे आधी विचारले नव्हते.

रिअॅक्टिव्ह रंग महाग पडतो, पण सुतावर तो धाग्याशी जोडला जातो. रंगवल्यावर साबणाच्या गरम पाण्यात उरलेला सुटा रंग काढून टाकणे मात्र आवश्यक असते, आणि रंगारी हात आखडता घेतात तो नेमका इथेच. माहेश्वरीत रेशीम आणि सूत असे दोन धागे असल्यामुळे विणलेले कापड काळ्यात बुडवले तर दोघे सारखाच रंग घेतील याची खात्री नसते, म्हणून सूत आणि रेशीम वेगवेगळे रंगवून मग विणून घेणे चांगले. बाघ गावच्या ठशांच्या छपाईतला काळा ही तिसरीच गोष्ट आहे. तिथे लोखंडाच्या क्षारापासून केलेला रस हिरड्यात भिजवलेल्या कापडावर छापतात आणि हिरड्यातल्या टॅनिनशी लोखंडाचा संयोग होऊन काळा उमटतो. रंग देखणा असतो, पण वर्षानुवर्षांनी लोह सुताला कमजोर करते, तेव्हा ताण सोसणाऱ्या कॉर्सेटच्या पट्ट्यांसाठी तो वापरू नका.

ताका घेण्यापूर्वी ओल्या पांढऱ्या मांजरपाटाचा तुकडा बोटाभोवती गुंडाळून कापडावर दहा वेळा दाबून घासा. प्रयोगशाळेत साधारण हेच यंत्राने करतात आणि एक ते पाच अशी श्रेणी देतात, पाच म्हणजे उत्तम. आणि एका संग्रहाचे सगळे काळे कापड एकाच वेळी रंगवलेल्या घाण्यातले घ्या, कारण दुकानाच्या ट्यूबलाइटखाली सारखे दिसणारे दोन काळे उन्हात नेल्यावर एक निळसर आणि एक तांबूस निघतात.

प्रश्न : माझी मुलगी काळ्या कपड्यांचे हे लेबल चालवते. इंदूरसारख्या शहरात हे शोभते का, हा माझा एक प्रश्न आणि जीएसटीची भानगड काय आहे, हा दुसरा. (एक वडील, रामबाग)

उत्तर : पहिल्या प्रश्नासाठी फार लांब जावे लागत नाही. महाराजा यशवंतराव होळकर दुसरे यांची बर्नार्ड बुते द मॉनव्हेल या फ्रेंच चित्रकाराने दोन प्रसिद्ध व्यक्तिचित्रे काढली. १९२९ मधल्या चित्रात ते काळ्या पाश्चात्त्य संध्यावेषात आहेत आणि नंतरच्या चित्रात मराठा पोशाखात. दोन्ही शोभतात. त्यांनी बांधलेल्या माणिकबाग या महालात आज केंद्रीय जीएसटीचे कार्यालय आहे, त्यामुळे तुमचा दुसरा प्रश्नही तिथेच जाऊन पोहोचतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर पाच टक्के आणि त्यावरच्या कपड्यावर अठरा टक्के कर आहे. २,५०० रुपयांचा कपडा ग्राहकाला २,६२५ रुपयांना पडतो आणि २,६०० रुपयांचा ३,०६८ रुपयांना. शंभर रुपयांसाठी ४४३ रुपयांचा फरक पडतो, म्हणून मुलीला सांगा, की २,५०० च्या किंचित वरची किंमत लावूच नये. एकतर आत राहावे, नाहीतर कपडाच अधिक भारी करून सरळ साडेतीन हजारांवर जावे. राज्यातल्या राज्यात वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर सामान्यतः नोंदणी लागत नाही. पण माल राज्याबाहेर विकायचा असेल तर, अधिसूचित हस्तकलावस्तूंसारखे काही अपवाद सोडता, उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी करावी लागते. मुंबईच्या एखाद्या प्रदर्शनात गाळा घेऊन विकायचे असेल तर महाराष्ट्रात तात्पुरती करदाता म्हणून किमान पाच दिवस आधी अर्ज करून अंदाजे कर आगाऊ भरावा लागतो. ती नोंदणी नव्वद दिवसांपर्यंत चालते. छोट्या उद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी मात्र सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.