चार महिन्यांच्या बाळाच्या न उतरलेल्या वृषणात गाठ आहे, ए.एफ.पी. 85 आहे, हा कॅन्सरच का? वृषण काढावेच लागेल का?

पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या तुमच्या बाळाचे उजवे वृषण जांघेत अडकले आहे, सोनोग्राफीत त्यात 9 मिलिमीटरची गाठ दिसली आणि ए.एफ.पी. 85 आल्यामुळे कॅन्सरच असल्याचे तुम्हाला सांगण्यात आले, असे तुम्ही लिहिले आहे. मी बडोद्यात लहान मुलांच्या शस्त्रक्रिया करतो. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, पण केवळ या आकड्यावरून कॅन्सर ठरत नाही, हे मी खात्रीने सांगतो.

ए.एफ.पी. हे गर्भाच्या यकृतात तयार होणारे प्रथिन आहे. जन्मतः ते हजारोंच्या घरात असते आणि साधारण वर्षभरात उतरत मोठ्या माणसांच्या पातळीला येते. रिपोर्टावर छापलेली दहाच्या आसपासची मर्यादा मोठ्यांची असते. चौथ्या महिन्यात 85 हा आकडा निरोगी बाळातही सापडतो. गेल्या पावसाळ्यात दांडिया बाजारातले एक जोडपे असाच रिपोर्ट घेऊन आले होते. वडिलांनी त्या आकड्याभोवती लाल पेनाने इतक्या वेळा गोल काढला होता की कागद तिथे फाटला होता. बाळाची गाठ टेराटोमा निघाली, म्हणजे या वयात सौम्य असणारी. तेवढीच काढून वृषण पिशवीत बसवता आले.

अर्थात 85 म्हणजे कॅन्सर नाहीच, असेही समजू नका. या वयातली घातक गाठ बहुधा योक सॅक ट्यूमर असते, तिच्यात ए.एफ.पी. बहुतेक वेळा वयाच्या मानाने बराच जास्त असतो आणि उतरण्याऐवजी चढतो. म्हणून शस्त्रक्रियेआधी तो पुन्हा मोजावा. बोटांनाही फरक कळतो: निरोगी वृषण भिजवलेल्या वालासारखे लवचिक लागते, गाठीचा भाग कोरड्या वाटाण्यासारखा टणक. नुसते न उतरलेले वृषण 6 ते 18 महिन्यांच्या दरम्यान खाली आणतात. गाठ असताना मात्र तेवढे थांबू नये.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: सुई घालून तुकडा काढू देऊ नका आणि पिशवीवर चीर देऊ देऊ नका. वृषण पोटात मूत्रपिंडाजवळ तयार होऊन खाली येते, त्यामुळे त्याच्या लसीकावाहिन्या, म्हणजे ज्यांतून कॅन्सरच्या पेशी पसरू शकतात अशा बारीक नळ्या, पोटातल्या लसीकाग्रंथींकडे जातात. पिशवीच्या त्वचेच्या मात्र जांघेकडे. पिशवीतून हात घातला, तर पेशींना ही दुसरी वाट मोकळी होते. चीर जांघेतच हवी. तिथे आधी रक्तवाहिन्यांचा दोर अलगद बंद करतात, मग गाठ काढून फ्रोझन सेक्शनला, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच गोठवून केल्या जाणाऱ्या तपासणीला पाठवतात, आणि पॅथॉलॉजिस्टचे उत्तर येईपर्यंत टेबलाशी थांबतात. सौम्य असेल आणि निरोगी भाग उरत असेल, तर वृषण वाचते. योक सॅक निघाला, तर वृषण दोरासह काढावे लागते.

ते काढावे लागले तरी, गाठ पूर्ण निघाली असेल आणि पोटाच्या व छातीच्या तपासण्या स्वच्छ असतील, तर सहसा केमोथेरपी देत नाहीत, ए.एफ.पी. आणि सोनोग्राफीवर नियमित लक्ष ठेवतात. आजार उलटलाच, तर सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिनवर आधारलेल्या औषधांनी बहुतेक मुले बरी होतात. दुसरे वृषण निरोगी असेल, तर वयात येण्यासाठी ते एकटे पुरते.