सईच्या घरी जाण्यापूर्वी

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोनवर विचारलेस, "सईच्या आईबाबांना मी आवडावा म्हणून दोन तास मी दुसराच कोणी व्हायचे का? तुला लोक बघायला यायचे तेव्हा तू तेच करायचीस ना?" मी हसून विषय बदलला, पण प्रश्न लागला. नाशिकला जाताना झब्बा घाल, वाकून नमस्कार कर, रिकाम्या हाताने जाऊ नकोस, अशी यादी तू न मागता मीच तुझ्या हाती दिली होती. तेव्हा उत्तरही मीच द्यायला हवे.

होय, मी तेच करायचे. 1993 च्या उन्हाळ्यात मिरजेच्या घरी मला बघायला चार ठिकाणचे लोक आले. सकाळपासून आजी जाड पोहे चाळत बसायची, आई बैठकीच्या खोलीत धुतलेले पलंगपोस घालायची आणि मी मावशीची मोतिया साडी नेसून, ट्रे न हिंदकळता उंबरा कसा ओलांडायचा याचा सराव करायचे. नाव विचारले की पूर्ण नाव सांगायचे, आणि स्वयंपाक येतो का या प्रश्नाला, समोरचे पोहे आजीने केलेले असतानाही, मान डोलवायची. एका बाईंनी तर मला वर्तमानपत्रातला मजकूर मोठ्याने वाचायला लावला. मी तेव्हा एम. कॉम. करत होते. आठवड्याभरात त्यांचे पोस्टकार्ड आले, की पत्रिका जुळत नाही. वास्तविक पत्रिका आधीच जुळवून झाली होती, त्याशिवाय कोणी पोहे खायला येतच नसे. अण्णांनी ते कार्ड दोनदा वाचले आणि काही न बोलता फडताळात ठेवून दिले.

त्यामुळे या रीतीची बाजू मला पुरती घेता येत नाही. पण ती पुरती टाकूनही देता येत नाही, याचे कारण तुझी वाईची आजी.

चौथ्या खेपेला ती आणि तुझे बाबा आले, सोबत साताऱ्याचे कंदी पेढे होते. पोहे खाऊन झाल्यावर सगळे बसलेले असताना ती आपली बशी उचलून थेट स्वयंपाकघरात आली, मोरीपाशी ठेवली आणि माझ्या आजीला म्हणाली, "फोडणी तुमच्या हातची दिसते." मला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले, आणि त्या दोघी मात्र हसू लागल्या. दाखवायला मी बसले होते, पण पसंत मी तिला केले. बाबांकडे नीट पाहिले ते त्यानंतर. (हे त्यांना सांगू नकोस.)

इथे मेलबर्नमध्ये कोणाकडे जेवायला जाताना तू न चुकता "काय आणू?" असे विचारतोस, दारात बूट काढू का तेही विचारतोस, आणि त्याला नाटक म्हणत नाहीस. नमस्कार तुला नाटक वाटतो, कारण तो तुझ्या अंगवळणी पडलेला नाही, आणि तो पाडण्यात मीच कमी पडले असेन. वाकणे खोटे वाटत असेल तर वाकू नकोस, उभ्याने हात जोड. झब्बाही राहू दे. आग्रह करते आहे असे वाटू नये म्हणून हे वाक्य मी तीनदा खोडून लिहिले आहे.

एक गोष्ट कबूल करायची राहिली. सई मार्चमध्ये आपल्याकडे पहिल्यांदा जेवली, तेव्हा तिने आपले ताट टेबलावरच ठेवले, आणि ते मी टिपले. रात्री भांडी आवरताना मला वर्तमानपत्र वाचायला लावणाऱ्या त्या बाई आठवल्या आणि फार ओशाळल्यासारखे झाले. तिला हे कळू देऊ नकोस.

नाशिकहून निघताना मात्र "जातो" म्हणू नकोस, "येतो" म्हण. तेवढे माझ्यासाठी कर.

तुझी,
आई