जुन्या घराच्या खिडक्या बदलायच्या, की बाहेरून स्टॉर्म विंडो लावून भागेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूजला १९२७ सालचं लाकडी घर घेतलंय. बावीस खिडक्या, सगळ्या एकेरी काचेच्या, वर-खाली सरकणाऱ्या. वारा आत येतो, घरात दोन वर्षांची मुलगी आहे आणि पहिला हिवाळा तोंडावर आलाय. खिडक्या विकणारा माणूस म्हणतो, सगळ्या काढून व्हायनिलच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या चौकटीच्या बसवा. शेजारचे आजोबा म्हणतात, बाहेरून स्टॉर्म विंडो लावा, पुष्कळ झालं. ऐकायचं कोणाचं?

आजोबांचं ऐका. फक्त त्यात एक भर घालते: स्टॉर्म लावण्याआधी आतली खिडकी नीट करून घ्या. हा क्रम चुकला की पैसेही जातात आणि लाकूडही जातं. आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरला १९२४ सालच्या घरात अकरा वर्षं राहतोय. यातली बरीचशी गोष्ट मी आधी चुकीची करून मग शिकलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नावावरून आधी माझाही गैरसमज झाला होता. 'स्टॉर्म' म्हटलं की आपल्याला चक्रीवादळ आठवतं. फ्लोरिडात वादळाआधी खिडक्यांवर ओढतात ती शटरं वेगळी. ही स्टॉर्म विंडो म्हणजे तुमच्या मूळ खिडकीच्या बाहेरच्या बाजूला दोन-तीन इंच अंतर ठेवून लावलेली दुसरी काच. पूर्वी ती लाकडी चौकटीत असायची, हिवाळ्याआधी टांगायची आणि वसंतात काढून तिच्या जागी जाळी लावायची. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲल्युमिनियमच्या आल्या. त्यांत दोन काचा आणि एक जाळी अशा तिन्ही आपापल्या खाचेत सरकतात, त्यामुळे वर्षातून दोनदा शिडी लावायची कटकट गेली.

माझं आजोळ राजापूरकडचं. मे महिना सरत आला की मामा घराच्या पावसाळी अंगाला झडी बांधायचा. झावळ्या विणून केलेल्या, मातीच्या भिंतीपासून चार बोटं लांब. पावसाची झड झडीने अंगावर घ्यायची, मागची भिंत कोरडी राहायची, आणि मधल्या फटीतून वारा खेळत असल्यामुळे ओल धरायची नाही. स्टॉर्म विंडोचं काम मला खऱ्या अर्थाने समजलं ते ही झडी आठवल्यावर. नॉरईस्टरचं, म्हणजे इथल्या किनाऱ्यावर ईशान्येच्या वाऱ्यासोबत येणाऱ्या वादळाचं पाणी-बर्फ, उन्हाळ्यातलं ऊन, सगळा मारा बाहेरची काच खाते. आतलं लाकूड, त्याची पुट्टी, त्याचा रंग कितीतरी जास्त वर्षं टिकतो.

आता उबेचा हिशोब. इथे उष्णता अडवण्याचं माप आर-व्हॅल्यूत सांगतात. एकेरी काचेचं ते साधारण १ असतं. मध्ये हवा ठेवून दुसरी काच आली की साधारण २. म्हणजे खिडकीच्या काचेतून जाणारी उष्णता जवळजवळ निम्मी होते. 'लो-ई' लेपाची स्टॉर्म घेतलीत तर आणखी फरक पडतो. हा लेप डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण खोलीतली उष्णता परत आत पाठवतो. लेपाची बाजू घराकडे यायला हवी, हे बसवणाऱ्याला आवर्जून सांगा. एनर्जी स्टारचा, म्हणजे अमेरिकी सरकारच्या ऊर्जाबचत योजनेचा शिक्का २०१८ पासून स्टॉर्म विंडोंनाही मिळतो, तो बघून घेतलेलं बरं. २०१२ मध्ये नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने बॉस्टन, शिकागो, अटलांटा, फीनिक्स आणि पोर्टलँड अशी पाच वेगवेगळी हवामानं धरून हीच तुलना केली होती. जुनी खिडकी सांभाळून तिला स्टॉर्म लावली तर ऊर्जेची बचत नव्या खिडकीच्या जवळपास पोचते, आणि खर्च कितीतरी कमी, असं त्यांना आढळलं.

तरी व्हायनिलवाला एक गोष्ट तुम्हाला सांगणार नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या खिडक्यांचं लाकूड जुन्या, सावकाश वाढलेल्या झाडांचं आहे. त्याच्या रेषा इतक्या दाट असतात की पल्ल्याच्या, म्हणजे काचेच्या सरकत्या चौकटीच्या, कडेला नख रुतत नाही. तसं लाकूड आज बाजारात सहज मिळत नाही. शिवाय ही खिडकी सुट्या भागांची आहे: पल्ला तोलून धरणारी दोरी तुटली तर दोरी बदलायची, काच फुटली तर तेवढी काच, पुट्टी निघाली तर पुट्टी. दुहेरी काचेच्या बंदिस्त खिडकीचं सील काही वर्षांनी गेलं की दोन काचांच्या मध्ये धुकं साचतं आणि ते पुसता येत नाही, आख्खी काच बदलावी लागते.

आता माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी आम्ही एका माणसाकडून सगळ्या खिडक्यांना ॲल्युमिनियमच्या स्टॉर्म बसवून घेतल्या. आतल्या खिडक्यांना हातही लावला नाही. तो माणूस मन लावून काम करणारा दिसत होता. चौकटीच्या चारही बाजूंनी त्याने सिलिकॉन असं बोटाने गुळगुळीत ओढलं की मला कौतुकच वाटलं. वारा थांबला. जानेवारीत एका सकाळी बघते तर स्वयंपाकघराच्या खिडकीत बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला बर्फाची फुलं फुललेली, नेच्याच्या पानांसारखी, खालपासून वरपर्यंत. मुलगा खूश झाला, मीही फोटो काढले. दुपारी ऊन आलं की ती वितळायची, पाणी खाली ओघळायचं आणि दोन काचांच्या मधल्या त्या उतरत्या लाकडावर, ज्याला इथे सिल म्हणतात, साचून राहायचं. रात्री पुन्हा गोठायचं. तीन हिवाळे हे चाललं. मग एकदा रंगाचा पोपडा उचलला तर खालचं लाकूड ओल्या खारकेसारखं मऊ झालेलं, स्क्रूड्रायव्हर टोचला तो दोन इंच आत गेला.

कारण साधं होतं. स्टॉर्मच्या खालच्या पट्टीला पाणी जायला बारीक भोकं किंवा फट ठेवलेली असते. ती सिलिकॉनने बंद झाली होती. वरची आणि दोन्ही बाजूंची फट बंद करायची, खालची कधीही नाही, आणि भोकं तर अजिबात बुजवायची नाहीत. तुमच्याकडे कोणीही काम करू दे, तो शिडीवर असताना खाली उभं राहून एवढं बघाच.

पण पाणी मुळात आलं कुठून? आतून. आपल्या घरात दिवसभर चहा उकळतो, कुकरच्या शिट्ट्या होतात, हिवाळ्यात कपडे घरातच वाळतात. ती दमट उबदार हवा आतल्या खिडकीच्या फटींतून बाहेरच्या थंडगार काचेपर्यंत पोचली की तिथे थिजते. म्हणून आतली खिडकी जास्त घट्ट आणि बाहेरची स्टॉर्म किंचित सैल, असंच हवं. बाहेरच्या काचेला आतून दव दिसलं, तर आतली खिडकी गळतेय असं समजा. दव आतल्या काचेला, खोलीच्या बाजूने आलं, तर एकतर घरात दमटपणा फार आहे किंवा स्टॉर्ममधून खूप वारा आत शिरतोय. कडाक्याच्या थंडीत सकाळी सातला हात लावून बघितलं की लगेच कळतं. चुलीवरचा पंखा हवा खरोखर घराबाहेर टाकतो, की गाळून पुन्हा स्वयंपाकघरातच सोडतो, हेही तपासा. आमचा दुसऱ्या प्रकारचा होता.

आतली खिडकी घट्ट करायला कारागीर लागेलच असं नाही. वाऱ्याच्या दिवशी उदबत्ती पेटवा आणि खिडकीच्या कडेने सावकाश फिरवा. धूर सरळ वर जातोय तिथे ठीक आहे, जिथे तो झटक्याने आडवा होतो तिथे खडूची खूण करा. आमच्याकडे सगळ्यात जास्त खुणा दोन जागी झाल्या: दोन पल्ले मध्यावर एकमेकांना मिळतात ती आडवी पट्टी, आणि दोरीच्या कप्प्या. कप्पीमागे भिंतीत पोकळी असते, तिच्यात पल्ल्याचं लोखंडी वजन लटकतं, आणि ती पोकळी बहुतेक वेळा पुरती गार असते. कप्पीवर लावायची झाकणं मिळतात. मधल्या पट्टीसाठी लॉक नीट बसतंय का ते आधी बघा. त्यावर रंगाचे थर चढून ते अर्धवटच फिरत असतं. लॉकचं काम चोरापेक्षाही दोन पल्ले एकमेकांना ओढून धरण्याचं जास्त आहे. कडेने पितळी किंवा सिलिकॉनची पट्टी लावली, सुटलेली पुट्टी भरली, की खिडकी बोटाने सरकते आणि धूरही सरळ जातो.

इथे एक गोष्ट मुलीसाठी कळकळीने सांगते. १९७८ च्या आधीच्या अमेरिकन घरांत शिशाचा रंग असू शकतो, आणि १९२७ च्या घरात तो आहे असं धरूनच चाला. खिडकी सरकताना लाकडावर लाकूड घासतं, रंगाची बारीक भुकटी सिलवर पडते, आणि दोन वर्षांच्या मुलांचे हात नेमके तिथेच असतात. स्वतः कोरडा सँडपेपर मारू नका, हीट गनने रंग जाळू नका. २०१० पासून अशा घरांत पैसे घेऊन काम करणाऱ्याकडे ईपीए या सरकारी पर्यावरण खात्याचं प्रमाणपत्र असावं लागतं, ते मागून बघा. तोवर सिल ओल्या फडक्याने पुसा, कोरड्या झाडूने झाडू नका. आणि डॉक्टरांना सांगून मुलीच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. हे खिडकीच्या कामाच्याही आधी.

मापाबद्दल. जुनं घर थोडं कलतंच. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा, उंचीही तशीच, आणि त्यातलं सगळ्यात लहान माप धरा. दोन्ही कर्णही मोजा, फरक जास्त असेल तर चौकट तिरकी आहे आणि ते ऑर्डर देतानाच सांगायला हवं. स्टॉर्मची मधली पट्टी आतल्या खिडकीच्या मधल्या पट्टीसमोरच आली पाहिजे, नाहीतर बाहेरून बघताना प्रत्येक खिडकी डोळ्यांना खुपत राहते. निजायच्या खोल्यांत मात्र स्टॉर्म आतून, हत्यारांशिवाय उघडलीच पाहिजे. आग लागली तर तीच बाहेर पडायची वाट आहे. घर ऐतिहासिक विभागात येत असेल तर बाहेरून काहीही लावण्याआधी परवानगी लागू शकते. अशा वेळी खोलीच्या बाजूने बसवायच्या ॲक्रिलिकच्या आतल्या स्टॉर्म चांगल्या पडतात.

बावीस खिडक्या एका दमात करायची गरज नाही. ती चूक कळल्यावर आम्ही खिडक्या पुन्हा नीट करायला घेतल्या तेव्हा उत्तर आणि वायव्येच्या आधी केल्या, मग मुलाची खोली, मग बाकीच्या, दोन वर्षांत. पुट्टी, रंग, सिलिकॉन यांना थोडी ऊब लागते, त्यामुळे तुमच्याकडे नवरात्र संपेपर्यंत जे होईल ते करून घ्यायचं आणि उरलेलं सरळ मे महिन्यावर ठेवायचं. राहिलेल्या खिडक्यांना या हिवाळ्यात आतून प्लॅस्टिकची फिल्म लावा. हार्डवेअरच्या दुकानात मिळते, कडेने दुतर्फी टेप चिकटवून हेअर ड्रायरने ताणायची. दिसायला फार बरी नाही, पण काम चोख करते. ४ फेब्रुवारी २०२३ ला बॉस्टनचा पारा उणे १० फॅरनहाइट, म्हणजे उणे २३ सेल्सिअसला गेला होता. वूस्टर तर आणखी उंचावर. त्या रात्री आमच्या जिन्याच्या खिडकीला अशी फिल्मच होती आणि ती रात्रभर शिडासारखी फुगत आणि बसत होती, पण जिन्यात वारा आला नाही.

माळ्याचं विचारलं नाहीत, तरी सांगते. गरम हवा वर चढून माळ्यातून निसटते आणि तिची जागा भरायला खालच्या खिडक्यांतून गार हवा ओढली जाते. तुम्हाला खिडकीपाशी जो वारा लागतो त्यातला काही माळ्यानेच आत खेचलेला असतो. माळ्यावरच्या फटी बुजवून इन्सुलेशन घातलं नसेल तर पहिले पैसे तिथे घाला, स्टॉर्म त्यानंतर.

आणि ऑर्डर देण्याआधी एकदा तळघर आणि गॅरेज नीट धुंडाळा. आमच्या तळघरात भट्टीच्या मागे, जुन्या दारांच्या आड, सतरा लाकडी स्टॉर्म भिंतीला टेकवून ठेवलेल्या सापडल्या. प्रत्येकीच्या खालच्या कडेवर पटाशीने रोमन आकडा कोरलेला होता. तोच आकडा त्या त्या खिडकीच्या सिलवर, रंगाच्या थरांखाली. सात नंबरची उचलून बाहेर नेली, सात नंबरच्या खिडकीवरच्या जुन्या हुकांना टांगली, तर नव्वद वर्षांनंतरही ती बरोबर बसली. समोरच्या पाच खिडक्यांना आता त्याच आहेत. तुमच्या शेजारच्या आजोबांना विचारा, तुमच्या घराच्या स्टॉर्म कुठे ठेवल्या होत्या ते त्यांना बहुतेक माहीत असेल.