कपाटातल्या लेन्सला हवा दाखवा

फोर्टातल्या बोरा बाजारात, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, मी एकतीस वर्षं लेन्स उघडण्याचं आणि जोडण्याचं काम केलं. गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक झूम लेन्सबद्दल आहेत. श्रावण आला की असंच होतं. गणपतीसाठी कॅमेरा कपाटातून निघतो आणि पावसाने आत काय करून ठेवलंय ते तेव्हा कळतं.

*मुलगा परदेशी जाताना त्याचा कॅमेरा आणि ७०-३०० ची झूम लेन्स माझ्याकडे ठेवून गेला. तीन वर्षं मी ती चामड्याच्या पेटीत, कपाटात साड्यांच्या खाली जपून ठेवली. कुणाला हात लावू दिला नाही. परवा नातीचे फोटो काढायला बाहेर काढली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतं. माझ्याकडून काय चुकलं? — विलेपार्ल्याहून एक वाचक*

ताई, पत्र वाचून वाईट वाटलं, कारण अशा शेकडो लेन्स माझ्या टेबलावर आल्या आणि त्यातल्या बहुतेक जिवापाड जपलेल्याच होत्या. रोज लग्नांत फिरणाऱ्या फोटोग्राफरच्या लेन्सचा रंग उडतो, रबर सैल पडतं, पण तिच्यात बुरशी क्वचित सापडते. बुरशीला अंधार, ओलावा आणि शांतता लागते. आपल्या कपाटात तिन्ही मिळतात. त्यात चामड्याची पेटी! चामडं पावसाळ्यात ओलावा शोषतं आणि धरून ठेवतं. ती पेटी आठवण म्हणून ठेवा, पण लेन्स पुन्हा तिच्यात घालू नका.

आधी ती बुरशीच आहे का ते पाहू. लेन्स कॅमेऱ्यावरून काढा, दोन्ही टोकांची झाकणं काढा आणि अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च मागून तिरका धरून पुढून बघा. मग झूमची रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवत पुन्हा बघा. झूममध्ये काचांचे गट पुढेमागे सरकतात, त्यामुळे रिंग ७० च्या आकड्यावर असताना लपलेला डाग ३०० वर दिसू शकतो. सुटे सुटे ठिपके दिसले तर ती धूळ आहे, तिची काळजी करू नका. प्रत्येक लेन्समध्ये थोडी असतेच आणि ती फोटोत येत नाही. फांद्या फुटलेले बारीक धागे दिसले तर मात्र बुरशी.

धागे अगदी पुढच्या काचेवर बाहेरच्या बाजूने असतील तर ते घरी पुसता येतील. आधी ब्लोअरने, म्हणजे दाबून हवा मारायच्या रबरी फुग्याने, हवा मारा. मग लेन्सच्या टिश्यूवर लेन्स साफ करायच्या द्रवाचा एक थेंब घ्या आणि मधून कडेकडे गोल पुसत जा. थेंब टिश्यूवर घ्यायचा, काचेवर कधीच नाही. काचेवर टाकलेला थेंब कडेने आत उतरतो. पदर, धोतराचं जुनं फडकं, कोलनवॉटर यातलं काहीही नको.

धागे आत असतील तर कारागिराकडे जा. इंटरनेटवर बघून घरी लेन्स उघडणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या लेन्स नंतर माझ्याकडे डब्यातून यायच्या, स्क्रू वेगळे आणि काचा वेगळ्या. झूममधल्या काचा एका रेषेत बसवलेल्या असतात. एखादी केसभर कलली तरी फोटोची एक बाजू स्वच्छ आणि दुसरी कायमची पुसट येते. कारागिराला कामाआधीच एक प्रश्न विचारा: कोटिंग खाल्लं गेलंय का? बुरशी आम्ल सोडते आणि ते काचेवरचं कोटिंग, म्हणजे चकाकी कमी करणारा पातळ थर, कुरतडतं. तसं झालं असेल तर साफ केल्यावरही धाग्यांचा ठसा राहतो. चांगला कारागीर हे आधी सांगतो.

दोनचार धागे कडेला असतील तर मुद्दाम काही करूच नका. नातीचे फोटो काढा. फार तर उजेडाकडे तोंड करून काढलेला फोटो थोडा पांढुरका येईल. फक्त ती लेन्स इतर लेन्सबरोबर एका डब्यात ठेवू नका, आणि दर आठवड्याला बाहेर काढा, रिंगा फिरवा, खिडकीशी उजेडात तासभर ठेवा. थेट उन्हात मात्र ठेवू नका. उघडी लेन्स भिंगासारखी ऊन एकवटते आणि पडद्याला, कागदाला आग लागू शकते.

*लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवली तर ओलावा जातो असं शेजारचे काका म्हणतात. खरं का? — डोंबिवलीहून एक वाचक*

नाही. तांदळाची बारीक पूड रिंगांच्या फटींत जाते आणि बुरशीला ती खायलाच मिळते. मी झूमच्या खाचांतून तांदळाची कणी चिमट्याने काढलेली आहे.

स्वयंपाकघरातलाच घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल घाला आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. साठच्या वर फार दिवस राहिला की बुरशीला आमंत्रण, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेत आर्द्रता ऐंशीच्याही वर असते. उलट काटा तीसच्या खालीही ठेवू नका, आतलं वंगण सुकतं. सिलिका जेलचे निळे दाणे ओलावा घेतला की गुलाबी होतात, नारिंगी हिरवट होतात. घरात लहान मूल असेल तर नारिंगीच आणा, कारण निळ्यात कोबाल्ट असतं आणि ते पोटात जाणं वाईट. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनतीन तास तापवा, दाणे पुन्हा कामाला येतात. त्यासाठी वेगळं ताट ठेवा, जेवणाचं नको. डबा महिनोन्‌महिने न उघडता ठेवलात तर दाणे कधी भरले हे कळणार नाही, म्हणून रविवारी एकदा बघायची सवय लावा.

*मार्चमध्ये शिवडीला फ्लेमिंगो बघायला गेलो. ७०-३०० लेन्स, ३०० वर ठेवूनच सगळे फोटो काढले. सकाळी अकरा ते एक. एकही पक्षी धारदार आला नाही, पिसं म्हणजे नुसता गुलाबी धब्बा. लेन्समध्ये दोष आहे का? दुकानदार बदलून देत नाही. — मुलुंडहून एक वाचक*

तुम्ही पत्रासोबत पाठवलेले सहाही फोटो मी भिंगाखाली पाहिले. लेन्स ठीक आहे असं माझं मत आहे, आणि तसं का म्हणतो ते नीट सांगतो. लेन्स खराब म्हणून विकून टाकणारी माणसं पाहिली की मला फार हळहळ वाटते.

पहिलं कारण चिखल. दुपारी शिवडीचा चिखल तापतो आणि त्यावरून गरम हवा थरथरत वर जाते. डांबरी रस्त्यावर पाणी चकाकल्यासारखं दिसतं ना, तेच. तुमच्या आणि पक्ष्याच्या मध्ये दोनतीनशे मीटर ती हवा असली तर लाखांची लेन्सही पिसं दाखवू शकत नाही. तुमच्या तिसऱ्या फोटोत पक्ष्याचे पाय वाकडेतिकडे आलेत. ही थरथर आहे, फोकसची चूक असती तर पाय पुसट पण सरळ आले असते.

दुसरं, भरती-ओहोटी. पूर्ण ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो आणि पक्षी खायला पार लांब जातात. पूर्ण भरतीला चिखलच उरत नाही. पाणी चढत असताना ते चिखलाच्या कडेने किनाऱ्याकडे सरकत येतात, तो वेळ धरा. भरतीचं वेळापत्रक बघूनच घरातून निघा. आणि शिवडीचा किनारा पूर्वेला तोंड करून आहे हे लक्षात ठेवा. सकाळी सूर्य तुमच्या समोर, पक्ष्यांच्या मागे असतो, आणि गुलाबी रंग काळवंडतो. दुपारी चारनंतर ऊन तुमच्या पाठीमागून येतं आणि चिखलही निवत असतो. चारच्या पुढे चढतं पाणी मिळेल असा दिवस शोधायला आठवडा गेला तरी जाऊ द्या.

आता लेन्सकडे. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारा भाग, छोटा आहे, म्हणून हात हलण्याचा हिशेब करताना ३०० ला दीडने गुणा, ४५० धरा. म्हणजे बसलेल्या पक्ष्यालाही शटर किमान १/५०० सेकंद हवं. तुमचे फोटो १/२०० चे आहेत. लेन्समधली कंप थोपवणारी सोय तुमच्या हाताची थरथर सावरते, पक्ष्याच्या पंखांची नाही, त्यामुळे उडणाऱ्याला १/१२०० च्या पुढे जा आणि आयएसओ, म्हणजे कमी उजेडातही फोटो उजळ करणारी सेटिंग, वाढवायला घाबरू नका. दाणेदार फोटो चालतो, हललेला फोटो कुणालाच चालत नाही.

या जातीच्या झूम लेन्स शेवटच्या टोकाला, पूर्ण उघड्या अपर्चरवर, म्हणजे उजेड आत येण्याचं छिद्र सगळ्यात मोठं असताना, थोड्या मऊ, म्हणजे कमी धारदार, असतात. ३०० वर एफ ५.६ ऐवजी एफ ८ लावा, म्हणजे छिद्र लहान करा, किंवा २५० वर थांबून नंतर फोटो कापा. पुढे लावलेला स्वस्तातला यूव्ही फिल्टर शिवडीत काढून ठेवा. ३०० वर तो बराच धारदारपणा खातो. हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरचं सावलीचं कडं, मात्र लावाच, आणि सरळ लावा. उलटा लावून फिरणारे पुष्कळ दिसतात.

एक चाचणी घरीच करा. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवा, कॅमेरा तिपायीवर ठेवा, कंप थोपवणारी सोय बंद करा आणि दोन सेकंदांच्या टायमरने ३०० वर एफ ८ चा फोटो काढा. अक्षरं चारही कोपऱ्यांत स्वच्छ आली तर लेन्सला दोष देऊ नका. एकच कोपरा पुसट आला तर मला पुन्हा लिहा, मग दुकानदाराशी काय बोलायचं ते सांगेन.

नोव्हेंबरनंतर पक्षी परत येतील. ऐरोलीहून खाडीत बोट जाते, तिथून पक्षी आणखी जवळून दिसतात. ठाणे खाडीच्या या अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला. बोटीत तिपायी ठेवू नका. बोट हलली की तीही हलते.

*कॅमेरा गळ्यात अडकवून चालताना झूम आपोआप खाली घसरून लांब होते. दुरुस्त करून घ्यावी का? — ठाण्याहून एक वाचक*

पुढच्या काचांचं वजन आणि झिजलेली रिंग, एवढंच त्याचं कारण आहे. लेन्सवर लॉकचं बटण असेल तर चालताना लावत जा. नसेल तर झूमच्या रिंगेवर आणि शेजारच्या स्थिर भागावर मिळून रुंद रबरबँड चढवा. त्यासाठी लेन्स उघडून घेण्यात पैसे घालवू नका. लोकलमध्ये मात्र लेन्स आखडून, झाकण लावून बॅग मांडीवर घ्या. वरच्या फळीवरून पडलेल्या बॅगांनी मला वर्षानुवर्षं काम दिलं, पण मला ते काम आवडत नव्हतं.

*काका, यंदा पहिल्यांदाच लालबागपासून गिरगाव चौपाटीपर्यंत विसर्जनाचे फोटो काढायचे आहेत. १८-१३५ ही एकच लेन्स आहे. गुलालाने ती खराब होईल म्हणून घरचे नको म्हणतात. — परळहून एक कॉलेजकुमारी*

जा, नक्की जा. घरच्यांना हे उत्तर वाचून दाखव.

तुझी लेन्स झूम केली की लांब होते. पिचकारीचा दांडा ओढला की पाणी आत शिरतं, तसं लेन्स लांब करताना बाहेरची हवा आत ओढली जाते. हवेत गुलाल असेल तर तोही जातो, आणि तो इतका बारीक असतो की एकदा आत गेला की लेन्स पूर्ण उघडल्याशिवाय निघत नाही. म्हणून गुलाल उधळला जात असेल तेव्हा रिंगेला हात लावायचा नाही. २४ किंवा ३५ वर ठेव आणि जवळ-लांब करायला पायाने पुढेमागे हो. ढोलपथकातल्या मुलांचे चेहरे ३५ वर जवळ जाऊन फार सुंदर येतात, मी स्वतः तसेच काढत आलो. गुलाल खाली बसला की मग झूम वापर.

निघण्याआधी पुढे चांगला पारदर्शक फिल्टर लाव. शिवडीला गेलेल्या वाचकाला मी फिल्टर काढायला सांगितला, तुला लावायला सांगतो, कारण गुलाल पुढच्या काचेवर बसायला नको. दुधाची जाड पिशवी धुऊन वाळव, तळ काप, एक टोक रबराने हूडवर आवळ आणि दुसरं कॅमेऱ्यावर मोकळं सोड. गर्दीत लेन्स कॅमेऱ्यावरून काढायची नाही. तुझ्याकडे एकच आहे हे त्या दिवशी बरंच.

चौपाटीवर खारे शिंतोडे उडतील. सुकलेलं मीठ धातू खातं, म्हणून त्याच रात्री गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ कापडाने लेन्सचं बाहेरचं अंग पूस, लगेच कोरडं कर. पण आधी गुलाल काढायचा, आणि तो कोरडाच काढायचा. लेन्स तोंड खाली करून धर, ब्लोअर मार, मऊ ब्रशने रिंगांच्या खाचा झटक. गुलालावर ओलं कापड लावलंस तर रंग फटींत उतरेल. हे सगळं होईपर्यंत झूम फिरवू नकोस आणि लेन्स कॅमेऱ्यावरून काढू नकोस.

लाटेत पूर्ण बुडालीच तर कॅमेरा चालू करून बघू नकोस, बॅटरी काढ आणि दुसऱ्याच दिवशी कारागिराकडे ने. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुलाब्याला त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नव्हता. माझं दुकान कोरडं राहिलं आणि पुढचे तीन महिने कुर्ला, कलिना, सायनकडून भिजलेले कॅमेरे येत राहिले. पहिल्या आठवड्यात आलेल्या लेन्सपैकी बऱ्याच मी वाचवू शकलो. "सुकली की आणू" म्हणून दिवाळीला आणलेल्या एकही नाही. कल्याणच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरने दोन लेन्स पिशवीत तशाच ठेवल्या होत्या, उघडल्या तेव्हा आतल्या स्क्रूंना गंज चढून ते फिरेनात.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी लेन्स लगेच डब्यात बंद करू नकोस. पंख्याखाली कोरड्या खोलीत दिवसभर ठेव, संध्याकाळी बॅटरीच्या उजेडात एकदा आरपार बघ, आणि मगच सिलिका जेलच्या डब्यात टाक. फोटो मला पाठव. ढोलवाल्यांचे आधी.